रुंबाचा चुकलेला ठोका

वॉल्ट्झ, टँगो, रुंबा ही नावे आपल्या कानांवरून अनेकदा गेलेली असतात. परंतु ही नृत्ये आज ज्या नियमांनी जगभर शिकविली जातात, ते नियम कोणी घालून दिले, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पहिल्या महायुद्धानंतर लंडनच्या नृत्यगृहांत मोठा गोंधळ माजला होता. अमेरिकेतून नवे संगीत आले होते आणि जो तो मनाला येईल तसा नाचत होता. तेव्हा ‘डान्सिंग टाइम्स’ मासिकाचे संपादक फिलिप रिचर्डसन यांनी मे १९२० मध्ये नृत्यशिक्षकांची बैठक बोलाविली व पावले ठरविण्याच्या कामास आरंभ झाला. पुढे १९२२ साली बावीस वर्षांच्या व्हिक्टर सिल्व्हेस्टर यांनी फिलिस क्लार्क यांच्या जोडीने जागतिक स्पर्धा जिंकली. १९३५ साली त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद काढला. नर्तकाचे पाऊल चुकू नये म्हणून त्याची लय ते अगदी नेमकी ठेवीत.

रुंबाची गोष्ट मात्र निराळी आहे. १९३० साली हवानाच्या डॉन अस्पियासू यांच्या वाद्यवृंदाने न्यूयॉर्कमध्ये ‘एल मानिसेरो’, म्हणजे शेंगदाणे विकणाऱ्याचे गाणे, लोकप्रिय केले. लोकांनी त्या संगीताला ‘रुंबा’ म्हटले. वस्तुतः तो क्यूबातील ‘सोन’ हा प्रकार होता. खरी क्यूबन रुंबा ही आफ्रिकी वंशाच्या कष्टकरी लोकांची, ढोलाच्या तालावरची कला होय. २०१६ साली युनेस्कोने तिला मानवतेच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. म्हणजे मुळात नावच चुकले होते, आणि पाऊलही चुकले होते!

लंडनमध्ये राहणारे फ्रेंच नृत्यशिक्षक मस्ये पिएर व त्यांच्या जोडीदार डोरिस लव्हेल यांनी १९३०च्या दशकात इंग्रजांना लॅटिन अमेरिकी नृत्यांची गोडी लावली. त्या काळी तेथे चौकोनी रुंबा चाले. नर्तकाची पावले जमिनीवर जणू चौकट आखीत. १९४७ साली पिएर स्वतः क्यूबाला गेले. तेथील लोकांचे नाचणे पाहिल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, चार ठोक्यांपैकी पहिल्या ठोक्यावर क्यूबन नर्तक पुढे-मागे पाऊल टाकीतच नाही. तेव्हा तो फक्त कमरेत सावरतो. त्याचे पाऊल पडते ते दुसऱ्या ठोक्यावर.

गुरू म्हणून नाव झालेल्या माणसाने नव्याने विद्यार्थी होणे सोपे नसते. पिएर यांनी ते केले. १९५१ व १९५३ साली ते पुन्हा क्यूबाला जाऊन आले. इकडे लंडनमध्ये वाद पेटला. ज्यांनी वर्षानुवर्षे चौकोनी रुंबा शिकविला होता, त्यांना तो सोडणे जड गेले. आपण शिष्यांना चूक शिकविले, असे कोण सहजी म्हणेल? अखेर १९५५ साली क्यूबन पद्धतीला अधिकृत मान्यता मिळाली. ‘चा-चा-चा’ हे नृत्यही इंग्लंडात रुजविण्याचे श्रेय बरेचसे पिएर यांनाच दिले जाते. १९६३ साली ते निवर्तले.

चौकोनी रुंबा मेला मात्र नाही. अमेरिकी पद्धतीच्या स्पर्धांत तो आजही नाचला जातो. पण आंतरराष्ट्रीय पद्धतीचा शिक्षक आज ‘दोन, तीन, चार-एक’ असे मोजतो, ते पिएर व लव्हेल यांच्या खटपटीमुळे.

रिचर्डसन आणि सिल्व्हेस्टर यांनी नृत्याला शिस्त लावली. पिएर यांनी आणखी एक गोष्ट शिकविली. दुसऱ्याची कला समुद्रापलीकडे न्यायची, तर आधी तिच्या घरी जावे, उंबऱ्यात बसावे आणि नीट पाहावे. आजी-आजोबांचे गाणे नातवंडांना शिकविताना आपणही हे ध्यानी धरावे.