फाउंडेशनचं रबर कशानं गेलं?

घरचा पाना : लेखांक १४

प्रोपेलरच्या क्रॉसचं आज कबूल केलं होतं. तो पुढच्या आठवड्यात. रविवारी सकाळी चटई टाकून गाडीखाली शिरलो होतो तो क्रॉस बघायलाच, पण टॉर्च मारताच नजर अलीकडेच अडकली. गिअरबॉक्सच्या फाउंडेशनचं रबर एका कडेनं लोखंडापासून सुटलं होतं आणि फटीत बोटाचं नख सहज जात होतं. फाउंडेशन बसलं की गिअरबॉक्सची शेपटी खाली येते, प्रोपेलरचा कोन बिघडतो आणि क्रॉस झिजतो. म्हणजे मूळ दुखणं तसंच ठेवून मी तुम्हाला क्रॉस बदलायला शिकवणार होतो. म्हणून आजचा लेख फाउंडेशनचा.

दुकानात ‘ट्रान्समिशन माउंट’ मागितलं तर काउंटरवरचा मुलगा क्षणभर थांबतो. ‘गिअरबॉक्सचं फाउंडेशन’ म्हणा, हात थेट फळीवर जातो. दोन लोखंडी पत्रे आणि त्यांच्या मधोमध चिकटवलेला रबराचा ठोकळा, एवढीच वस्तू. वरचा पत्रा गिअरबॉक्सला, खालचा चासीतल्या आडव्या क्रॉस मेंबरला. इंजिनाच्या दोन बाजूंना दोन फाउंडेशनं आणि मागे गिअरबॉक्सखाली हे तिसरं. अख्खं इंजिन-गिअरबॉक्स या रबरांवर बसलेलं असतं.

रबर नसतं तर काय झालं असतं, हे आपल्या पिंपळगावात कुणाला सांगावं लागत नाही. घरोघरी ट्रॅक्टर आहे. ट्रॅक्टरला वेगळी चासीच नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा हाउसिंग एकमेकांना बोल्टनं जोडून त्यांचाच कणा करतात. १९१७ साली फोर्डसन असाच बनला आणि आजही बहुतेक ट्रॅक्टरांचा सांगाडा तोच आहे. द्राक्षबागेत दिवसभर ब्लोअर मारून उतरलं की हाताला मुंग्या येतात, कारण इंजिनाचा प्रत्येक धक्का लोखंडातून लोखंडात सरळ सीटपर्यंत पोहोचतो. नांगरटीला तो सांगाडा योग्यच आहे. पण त्याच इंजिनावर घरातली माणसं बसवून वणीच्या गडावर न्यायची, तर मध्ये काहीतरी मऊ हवं.

मोटारींनाही हे मऊपण उशिरा मिळालं. १९३१ साली अमेरिकेत क्रायस्लरनं प्लिमथ गाडीत चार सिलिंडरचं इंजिन रबरावर असं तोललं की त्याला स्वतःच्या वजनाच्या मध्यरेषेभोवती डोलता यावं. पुढे वरच्या अंगाला एक आधार, मागे गिअरबॉक्सखाली दुसरा. ‘फ्लोटिंग पॉवर’ असं नाव दिलं, म्हणजे तरंगती ताकद. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएननं ते तंत्र घेतलं आणि गाड्यांवर पाण्यात तरंगणाऱ्या हंसाचं चिन्ह लावलं. मला तो हंस फार आवडतो. आपल्या बोलेरोखालचा काळा, चिखलानं माखलेला ठोकळा त्याच कुळातला आहे.

रबराचं काम मोजताही येतं. वजन पडल्यावर रबर किती मिलिमीटर दबतं त्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ला त्यानं भागा. जो आकडा येईल, तितक्या वेळा सेकंदाला इंजिन त्या रबरावर आपोआप डोलू पाहतं. ३ मिलिमीटर दबणाऱ्या रबराला हा आकडा ९ येतो. आता मिनिटाला ७५० फेऱ्यांवर रिकामं चालणारं चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला २५ धक्के देतं आणि तीन सिलिंडरचं पावणेएकोणीस. धक्क्यांचा वेग डोलण्याच्या साधारण दीडपटीपुढे गेला की रबर धक्के गाळायला लागतं. ९ची दीडपट साडेतेरा, म्हणून दोन्ही इंजिनं शांत वाटतात. तेच रबर वयानं कडक होऊन जेमतेम अर्धा मिलिमीटर दबायला लागलं, तर डोलण्याचा आकडा २२वर जातो, म्हणजे धक्क्यांच्या अगदी शेजारी. झोपाळा ज्या तालात येतोय त्याच तालात ढकलला की उंच जातो, तसं इथे होतं. कडक झालेलं रबर धक्के गाळायचं सोडून वाढवायला लागतं. सिग्नलला उभ्या गाडीचा आरसा थरथरतो, तो याच हिशोबानं. हिशोब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवतो.

आता आपल्या गावचा मुद्दा. ऑगस्टपासून बाजार समितीत टोमॅटो सुरू झाला की वीस-वीस किलोच्या क्रेटांनी भरलेल्या पिकअपची रांग लागते. गाडी दोन हात पुढे जाते आणि थांबते, पुन्हा दोन हात. प्रत्येक वेळी पहिला गिअर आणि क्लच. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स इंजिनाचा पीळ पावणेचार-चार पट करून प्रोपेलरला देतो. इंजिनानं २०० न्यूटन-मीटर दिले तर पुढे ८०० जातात, आणि तेवढाच उलटा पीळ इंजिन-गिअरबॉक्सला बसतो. एक मीटरच्या पहारेच्या टोकाला ऐंशी किलोचा माणूस लोंबकळावा, एवढा. त्यातला बराचसा पीळ पुढची दोन फाउंडेशनं सोसतात, कारण ती एकमेकांपासून लांब आहेत. मागचं रबर मात्र दर वेळी दबतं आणि मुरडतं. हायवेवर शंभर किलोमीटरमध्ये जेवढं मुरडत नाही, तेवढं ते एका सकाळच्या रांगेत मुरडतं.

दुखणं ओळखायचं ते क्लच सोडताना. खालून ‘धब्’ असा एकच आवाज येतो. अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की गिअरचा दांडा पुढेमागे उडी मारतो. चढावर, राहुड घाटात वगैरे, गाडी उचलताना अंग झाडते. क्लच प्लेट गेली की असाच हादरा येतो आणि म्हणून फसगत होते. आमच्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याची क्लच प्लेट एका गॅरेजात बदलली गेली आणि हादरा होता तसाच राहिला. खर्च करण्याआधी पाच मिनिटं खाली बघा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. गिअरबॉक्स आणि क्रॉस मेंबर यांच्यामध्ये टॉमी घालून हलकंच उचला. रबर ताणलं जाणं ठीक. पण पत्र्यापासून सुटून फट उघडली, तर निदान झालं.

बदलण्याचं काम तासा-दोन तासांचं आहे. सायलेन्सर पूर्ण थंड झाल्याशिवाय आत हात घालायचा नाही. गाडी सपाट, कडक जमिनीवर. चाकांना दोन्ही बाजूंनी उटी. गाडी स्टँडवर कशी घ्यायची ते बाराव्या लेखांकात आलं आहे, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली न शिरण्याची आपली शपथ कायम आहे. आदल्या संध्याकाळी बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. तो आट्यांवरच पडू द्या.

मग दुसरा जॅक गिअरबॉक्सखाली, मध्ये लाकडाचा ठोकळा. ठोकळा भक्कम ओतीव कडेला टेकवा. ऑटोमॅटिक गाडीला खाली पत्र्याचं तसराळं असतं, ते जॅकनं चेपतं. जॅक उचलायचा तो वजन घेण्यापुरता. किती, हे बोल्टच सांगतो. पान्यानं सैल केलेला बोल्ट हातानं फिरायला लागला की थांबा. त्याहून वर गेलात तर इंजिन पुढे झुकतं आणि पंखा रेडिएटरच्या कवचाला लागू शकतो. खाली सोडलंत तर मागची वायर आणि नळ्या ताणल्या जातात. म्हणून एकानं खाली आणि एकानं बॉनेट उघडून वर बघत राहायचं. आमच्याकडे हे काम आमची मुलगी करते.

आधी फाउंडेशनचे क्रॉस मेंबरकडचे नट काढा, मग गिअरबॉक्सकडचे बोल्ट. काही मॉडेलांत क्रॉस मेंबरच उतरवावा लागतो. तेव्हा त्याची पुढची बाजू खडूनं खूण करून ठेवा, उलटा बसला तर भोकं जुळत नाहीत. नवं फाउंडेशन जुन्याशेजारी ठेवून उंची आणि भोकं ताडून बघा. जुनं बसलेलं असतं, त्यामुळे नवं थोडं उंच दिसणारच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवे बोल्ट आधी सगळे हातानं लावा आणि सैल ठेवा. मग जॅक हळूहळू उतरवून गिअरबॉक्सचं वजन नव्या रबरावर येऊ द्या. गिअरबॉक्स हातानं डावी-उजवीकडे हलवा, म्हणजे रबर आपली जागा घेतं. त्यानंतरच आवळा. मी पहिल्यांदा जॅकवरच घट्ट आवळलं होतं. रबर मुरडलेल्या अवस्थेत अडकलं आणि साठच्या वेगाला गाडी गुरगुरायला लागली. कारण सापडायला दोन आठवडे गेले. किती आवळायचं तो आकडा आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकातलाच घ्या, आणि टॉर्क पाना नसेल तर एका दिवसापुरता मागून आणा.

स्विफ्ट, वॅगनआर अशा गाड्यांत इंजिन आडवं बसलेलं असतं आणि पुढची चाकं ओढतात. तिथे फाउंडेशनची मांडणीच वेगळी आहे. ही रीत त्यांना लावू नका.

चांदवडच्या एका वाचकांनी विचारलं आहे की, जुन्या टायरचा तुकडा कापून घातला तर चालेल का? रानात अडकलात तर घरी येण्यापुरता, तोही हळू. टायरमध्ये धाग्यांचे थर असतात, म्हणून तो मुरडत नाही. आणि बोल्ट आरपार गेला की लोखंड पुन्हा लोखंडाला भिडलं. फाउंडेशनमध्ये बोल्ट दोन्हीकडून येतात आणि मध्ये कुठेच एकमेकांना शिवत नाहीत. सगळी गंमत त्यात आहे.

काम झालं, गाडी उतरवली. पण माझं लक्ष पायरीवर ठेवलेल्या जुन्या रबरात होतं. जुनं रबर फेकण्याआधी ते कशानं गेलं हे त्यालाच विचारावं. झटक्यानं गेलेलं रबर पत्र्यापासून स्वच्छ सुटतं आणि पत्रा उघडा पडतो. उष्णतेनं आणि वयानं गेलेलं कडक होतं, वाकवलं की बारीक भेगा दिसतात. आमचं यातलं काहीच नव्हतं. ते फुगलेलं आणि मऊ होतं, आणि बोट फिरवलं की बोट काळं होत होतं. म्हणजे तेल.

पहिला संशय गिअरबॉक्सच्या मागच्या ऑइल सीलवर. तो कोरडा ठणठणीत होता. इंजिनाकडूनही ओघळ नव्हता. तरी पलीकडच्या हँडब्रेकच्या केबलच्या रबरी टोपीवरही तोच काळा चिकटपणा. तेल ठिबकलं नव्हतं, कुणीतरी लावलं होतं. आणि कोण, ते मला कळलं.

आमची बोलेरो २००९ची, महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यातली. ती घरात आल्यापासून दर वर्षी मृगाच्या आधी आमच्या घरातले थोरले, आप्पा, जुना ब्रश घेऊन चासीला जळकं ऑइल लावतात. नांगराच्या फाळाला, कोळप्याच्या पात्याला ते जसे तेल पुसून ठेवायचे, तसंच. त्या हातामुळेच आज चासीवर गंजाचा पापुद्रा नाही. पण ब्रश रबरावरूनही फिरत राहिला.

फाउंडेशनला बहुतेक नैसर्गिक रबर वापरतात, कारण लाखो वेळा मुरडूनही ते तापत नाही आणि तुटत नाही. १८४४ साली गुडइयरनं पेटंट घेतलेल्या गंधकाच्या प्रक्रियेनं त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. पण खनिज तेल आणि रबर जातीनं जवळचे. तेल त्या साखळ्यांमध्ये शिरतं, त्यांना दूर सारतं, आणि रबर फुगून आतून कमजोर होतं. लोखंडाला जे औषध, ते रबराला विष.

आप्पांना नुसतं सांगून पटलं नसतं, म्हणून दोन सारखे रबरबँड घेतले. एक वाटीभर पाण्यात, एक डिझेलमध्ये, झाकून रात्रभर. सकाळी दोन्ही पायरीवर शेजारी ठेवले. डिझेलमधला चांगलाच लांब आणि जाड झाला होता. आप्पांनी तो दोन बोटांत धरून ओढला, आणि तो तुटला. पाण्यातला ओढला, तो तसाच परत आला. मग बराच वेळ त्यांनी जुनं फाउंडेशन हातात धरलं. “गंजू नये म्हणून तर लावत होतो रे,” एवढंच म्हणाले.

त्यांचं चुकलं नव्हतं. चासी त्यांनीच टिकवली. ऑइल लावायला हरकत नाही, फक्त आधी तिन्ही फाउंडेशनं, स्टॅबिलायझरची बुशं, ब्रेकचे होस आणि रबरी टोप्या जुन्या पिशवीनं बांधून झाका. ब्रेक ड्रम, डिस्क आणि सायलेन्सर यांच्या आसपास ब्रश नेऊच नका. सर्व्हिसिंगला गाडी दिली आणि खालून डिझेलचा फवारा मारणार असतील, तर आधीच नको म्हणा. रबरावर चुकून तेल पडलं तर लगेच साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडं करा.

आमच्या ब्रशाच्या डब्यात आता दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांची गुंडाळी आणि सुतळी आहे. आप्पांनी स्वतः ठेवली.

पुढच्या लेखांकात प्रोपेलरचा क्रॉस, नक्की. तोवर ज्यांच्या गाडीच्या चासीला जळकं ऑइल लागतं, त्यांनी एकदा खाली शिरून फाउंडेशनवर बोट फिरवून बघा. बोट काळं झालं तर मला कळवा.