काशी आली घरा!

सोडमुंजीत बटू काठी-छत्री घेऊन काशीला निघतो आणि ‘माझी मुलगी देतो’ म्हणत मामा त्याला वाटेतून परत आणतो. आज ही थट्टा वाटते. पण शिकायचे तर काशी गाठायची, हे एके काळी खरेच होते. घरच्या मुलींना मात्र निघणेही शक्य नसे.

९ जुलै २०१७ रोजी, गुरुपौर्णिमेला, राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते नवी दिल्लीत ‘स्वयम्’ या संकेतस्थळाचे उद्घाटन झाले. नववीपासून पदव्युत्तर वर्गापर्यंतचे अभ्यासक्रम येथे एकत्र मिळतात. पाठाची चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वतःला तपासण्याचे प्रश्न आणि शंकानिरसन अशी त्यांची चौपदरी मांडणी असते. १९१६ साली मालवीयजींनी काशीत उभारलेल्या बनारस हिंदू विद्यापीठातील प्राध्यापकांनीही येथे शिकवले आहे. इंटरनेट नसलेल्या घरांसाठी त्याच दिवशी ‘स्वयंप्रभा’च्या ३२ दूरचित्रवाणी वाहिन्या सुरू झाल्या. एकच पाठ दिवसातून अनेकदा दाखवतात, म्हणजे ज्याला जेव्हा सवड, तेव्हा त्याने पाहावा.

शिकणे फुकट, प्रमाणपत्र हवे असेल तर मात्र शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. २०२१च्या नियमांनुसार विद्यापीठे एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून मान्य करू शकतात. तरीही आपल्या महाविद्यालयात आधी विचारून घ्यावे.

नाव नोंदवणारे पुष्कळ, शेवटपर्यंत टिकणारे थोडे, हा जगभरचा अनुभव आहे. म्हणून रात्रीची झाकपाक उरकून घरातील सून पाठ लावून बसली, तर निदान घरच्यांनी मामा होऊन तिला वाटेतून परत आणू नये!