कोसी पुन्हा पूर्वेला वळली तर

नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे जुनी माणसे सांगत आली. नदीची वाट शोधू नये असे मात्र कोणी सांगितले नाही, कारण ती शोधण्याचा प्रसंगच सह्याद्रीच्या पूर्वेस राहणाऱ्या माणसावर सहसा आलेला नाही. गोदावरी काय, कृष्णा काय, भीमा काय, काळ्या कातळाच्या मुलखात खोल कोरलेल्या पात्रांतून या नद्या शतकानुशतके वाहत आहेत. पूर आला म्हणजे पाणी घाटाच्या पायऱ्या चढते, पेठेत शिरते, देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत जाते, आणि ओसरू लागले की त्याच पायऱ्या उतरून आपल्या जागी परत येते. नदीकाठी घाट बांधावा, देऊळ उभारावे, ते दहा पिढ्यांनी तेथेच वापरावे, हा आपला सगळा व्यवहार नदी तेथेच राहील या विश्वासावर चालला आहे. उत्तर बिहारातील कोसीच्या काठच्या माणसाला हा विश्वास कधीच लाभला नाही.

कोसी म्हणजे वस्तुतः सात नद्यांचा संगम, म्हणून नेपाळात तिला सप्तकोसी म्हणतात. त्यांपैकी अरुण तिबेटात उगम पावून हिमालयाची मुख्य रांगच ओलांडून येते, तर तमोर कांचनगंगेच्या बाजूचे पाणी आणते; एव्हरेस्ट आणि मकालू यांच्या हिमनद्यांचे पाणीही याच खोऱ्यात उतरते. जगातील सर्वांत उंच आणि भूगर्भदृष्ट्या अद्याप अस्थिर असलेल्या पर्वतांची ही झीज, दगडगोटे, वाळू आणि गाळ मिळून वर्षाला सुमारे १० कोटी टनांच्या घरात जाते. चतरा येथे डोंगर सोडून नदी मैदानात पाऊल टाकते आणि उतार एकाएकी मंदावतो, तेव्हा एवढे ओझे पुढे वाहून नेण्याची शक्ती पाण्यात उरत नाही. ते ओझे पात्रातच बसते. पात्र उथळ होते, भोवतालच्या जमिनीहून वर चढते. आणि पाणी आपल्या स्वभावधर्मानुसार बाजूच्या सखल भागाकडे घसरते. तेथेही काही वर्षांत हेच घडते. अशा रीतीने हजारो वर्षे वाटा बदलत कोसीने चतऱ्यापासून गंगेपर्यंत पंख्याच्या आकाराचे, सुमारे १८० किलोमीटर लांबीचे मैदान स्वतःच रचले आहे. ज्या जमिनीवर आज लक्षावधी माणसे नांगर धरतात, ती जमीन नदीच्या या भटकंतीतूनच जन्मली, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवावी लागते.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही नदी पूर्णियाच्या बाजूने वाहत होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती टप्प्याटप्प्याने १०० किलोमीटरांहून अधिक पश्चिमेला सरकली. तिने सोडलेल्या वाटांना तिकडे ‘धार’ म्हणतात, आणि कोरड्या पडलेल्या प्रवाहांना मेलेल्या कोसीची नावे आहेत. नदी आली की गाव बुडे. नदी गेली की मागे वाळूचे पडीक माळ, साचलेल्या पाण्याची डबकी आणि त्यांतून उठणारा हिवताप राही. पूर्णियाच्या हवेची दहशत एके काळी एवढी होती की मरायचे असेल तर विष कशाला खावे, पूर्णियाला जावे, अशा अर्थाची म्हणच तिकडे रूढ झाली. फणीश्वरनाथ रेणू यांची १९५७ सालची ‘परती परिकथा’ ही कादंबरी नदीने असे ओसाड करून टाकलेल्या जमिनीवरच उभी आहे. नदी वाट बदलते तेव्हा काय होते, या प्रश्नाचे उत्तर म्हणून आपल्या डोळ्यांसमोर केवळ महापुराचे चित्र येते. परंतु कोसीच्या मुलखात पुराइतकेच, किंबहुना त्याहून चिवट दुःख नदी निघून गेल्यानंतरचे असते.

शिलिंगफोर्ड नावाच्या एका अभ्यासकाने १८९५ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या स्थलांतरांविषयी आणि त्यांतून संभवणाऱ्या धोक्यांविषयी निबंध लिहिला. नदी पश्चिमेकडे हळूहळू सरकते आहे खरी, पण पश्चिमेची मर्यादा गाठल्यावर ती एका मोठ्या झेपेने पुन्हा पूर्वेला जाईल, हे त्याच्या प्रतिपादनाचे सार होते. अलीकडे जुने नकाशे एकमेकांशी ताडून पाहणाऱ्या भूवैज्ञानिकांनीही ही चाल एकमार्गी नसून झोके घेणारी आहे, असे म्हटले आहे.

जमिनीचा कायदा ही चंचलता ओळखून होता. कंपनी सरकारने बंगाल इलाख्यासाठी १८२५ साली जे अकरावे रेग्युलेशन केले, त्यात नदीने हळूहळू साचवून दिलेली जमीन लगतच्या मालकाच्या जमिनीत मिळवावी, पण नदीने अकस्मात वाट बदलून एखादा तुकडा जसाच्या तसा पलीकडे टाकला आणि तो ओळखता येत असला, तर मूळ मालकाचा हक्क अबाधित ठेवावा, असा भेद केलेला आहे. आपल्याकडेही नदीकाठच्या मळईच्या जमिनीवरून भाऊबंदांत तंटे होतात, पण तेथे प्रश्न काही गुंठ्यांचा असतो. कोसीच्या प्रदेशात मौजेच्या मौजे या काठावरून त्या काठावर गेले. हळूहळू आणि अकस्मात, हा कायद्याने केलेला भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण स्वातंत्र्यानंतर आपण जे केले त्याचा परिणाम असा झाला की या नदीचे हळूहळू सरकणे बंद पडले आणि अकस्मात सुटणे तेवढे शिल्लक राहिले.

१९५३च्या पुरानंतर नदीला बांधावे असा निर्णय झाला. १९५४ साली नेपाळशी करार झाला, १९५५च्या जानेवारीत पूरबांधांचे काम सुरू झाले, आणि भीमनगरजवळ ५६ दरवाजांचा बंधारा १९६०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत उभा राहिला. हजारो लोकांनी श्रमदानाने माती वाहिली. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. परंतु १९३७च्या पाटण्याच्या पूर परिषदेतच बिहारचे मुख्य अभियंते कॅप्टन हॉल यांनी बांधांच्या विरुद्ध मत मांडले होते, आणि त्यामागील तर्क आजही तितकाच सरळ आहे: जो गाळ पूर्वी शंभर-दीडशे किलोमीटर रुंदीच्या मैदानावर पसरत होता, तो आता दोन बांधांमधल्या पट्टीत साचणार, पात्र वर्षानुवर्षे उंच होणार, आणि बांध फुटेल त्या दिवशी नदी उंचावरून खाली पडेल. बांधांच्या आत जी शेकडो गावे राहिली, त्यांना तर दर पावसाळ्यात नदीच्या पात्रातच संसार करावा लागतो.

१८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळातील कुसहा येथे, बंधाऱ्याच्या सुमारे १२ किलोमीटर वरच्या अंगाला, पूर्वेचा बांध फुटला. त्या दिवशी नदीत फार मोठा पूर नव्हता, ही या घटनेतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. सेकंदाला साडेनऊ लाख घनफूट पाणी झेपेल अशी ज्याची आखणी होती, तो बांध जेमतेम दीड लाख घनफुटांना फुटला. नदीचे बहुतेक सारे पाणी त्या खिंडारातून बाहेर पडले आणि जुन्या, विसरल्या गेलेल्या धारांचा माग काढीत सुपौल, मधेपुरा, अररिया, सहर्सा, पूर्णिया या जिल्ह्यांवर पसरले. नवा मार्ग बांधांतील पात्रापासून १०० किलोमीटरांहून अधिक पूर्वेला पोचला. बिहारातील ३० लाखांहून अधिक लोक या आपत्तीत सापडले; त्यांच्यापैकी अनेकांनी उभ्या हयातीत आपल्या गावात कोसीचे पाणी पाहिले नव्हते. त्यांचे गाव सुरक्षित बाजूला आहे असे सरकारी दप्तर सांगत होते. जो नदीच्या पोटात राहतो तो होडी जवळ बाळगतो, धान्याची कोठी मचाणावर ठेवतो; ज्याला अर्धशतकभर निर्धास्त ठेवलेले असते त्याच्या दारात होडी नसते. म्हणूनच मृत्यू, परागंदा होणे आणि गुरांचा नाश यांचा मोठा भार या बाजूवर पडला. खिंडार पुढच्या जानेवारीत बुजवून नदीला पुन्हा दोन बांधांच्या मध्ये आणण्यात आले. शेतांत साचलेली वाळू मात्र तेथेच राहिली.

असे इतरत्रही घडले आहे. चीनची पीत नदी १८५५ साली शानदोंग द्वीपकल्पाच्या दक्षिणेची वाट सोडून उत्तरेला बोहाई समुद्राला जाऊन मिळाली. अमेरिकेत मिसिसिपीला अचाफलाया या आपल्या फाट्याची वाट समुद्राकडे जाण्यास अधिक जवळची असल्यामुळे ती तिकडे वळू पाहते. न्यू ऑर्लिन्सचे बंदर आणि गोडे पाणी गमावू नये म्हणून लुइझियाना राज्यात १९६३पासून बांधकामे उभारून पाण्याचा ३० टक्के वाटा फाट्याकडे आणि उरलेला मुख्य नदीत, अशी वाटणी सक्तीने टिकवली जाते, आणि १९७३च्या पुरात त्यांतील एक बांधकाम खचता खचता वाचले. तेथे पैसा आणि यंत्रसामग्री विपुल असूनही हा झगडा संपलेला नाही.

कोसी पुन्हा, आणि या वेळी भर पुरात, पूर्वेला वळली तर काय होईल, याचा अंदाज २००८च्या अनुभवावरून बांधता येतो. फक्त पाण्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढवावे लागते. सप्टेंबर २०२४च्या अखेरीस बंधाऱ्यावरून सेकंदाला ६ लाख ६१ हजार घनफूट पाणी गेले, जे १९६८नंतरचे सर्वाधिक होते. असे पाणी कुसह्यासारख्या ठिकाणी सुटल्यास पहिल्या काही दिवसांत प्राणहानी होईल, हे उघड आहे. पण त्यानंतर पूल एकीकडे आणि नदी दुसरीकडे, अशी अवस्था किती काळ राहील? कोसीच्या दोन काठांवरील निर्मली आणि सरायगढ यांच्यामधला लोहमार्ग पूर आणि १९३४चा भूकंप यांच्या तडाख्यात तुटला, तो पुन्हा जोडला जायला २०२० साल उजाडले. या ८६ वर्षांपैकी बहुतेक काळ मिथिलेचे दोन तुकडे झाले होते. हाकेच्या अंतरावरील गावाला जायला दिवसाचा वळसा पडे, आणि लेक नदीपलीकडे देताना आईबाप दहादा विचार करीत. नदी सरकली की मुलखाच्या सोयरिकीही सरकतात, याची नोंद कोणत्याही जमाबंदीत होत नाही.

नदीला तिच्या सगळ्या मैदानावर पुन्हा मोकळे सोडावे असे आज कोणी म्हणू शकणार नाही, कारण तेथे माणसे आहेत. पण तिने मागे ठेवलेल्या धारा अजून जमिनीवर आहेत. पावसाळ्यात त्या भरतात, आणि कोणती धार कोणत्या गावावरून कोठे उतरते हे म्हाताऱ्या शेतकऱ्याला तोंडपाठ असते. त्यांच्यावर भराव घालून रस्ते नेण्यापूर्वी त्या प्रत्येक धारेची मोजणी व्हावी, भरावाखाली तिच्या रुंदीइतकी मोरी राहावी, आणि बांधाच्या सुरक्षित बाजूच्या गावांतही पंचायतीच्या दारात होडी असावी, एवढे तरी मागणे मला रास्त वाटते. कारण २००८ साली नदी जेव्हा आली, तेव्हा ती याच धारांतून आली.