पांढरा साका

मुळा-मुठेच्या पाण्याच्या एका अहवालात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या रकान्यात शून्य दिसलं. वाहत्या नदीत शून्य? ते ठरतं कसं, हे बघायला नमुने घेणाऱ्या ताईंबरोबर निघाले.

खडकवासल्याचं काम झटपट उरकलं. मुंढव्याला मात्र गाडीतून उतरतानाच सडक्या अंड्यांचा वास नाकात शिरला. जलपर्णी जिथे विरळ होती, तिथे ताईंनी पुलावरून दोरीनं बादली सोडली. नाकाला रुमाल लावला नव्हता. विचारलं तर म्हणाल्या, "हात मोकळे लागतात."

ते का, हे पुढे कळलं. 300 मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत नळी तळाशी टेकवून पाणी भरायचं, थोडं वाहून जाऊ द्यायचं. आत एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण त्यातला ऑक्सिजन नदीच्या नावावर जमा होतो. पहिली बाटली त्यांनी ओतून दिली. मला बुडबुडा दिसलाच नव्हता. दुसरीत पिपेटनं मँगेनीज सल्फेट, मग अल्कली-आयोडाइडचं द्रावण सोडलं, बूच लावलं आणि बाटली उलटसुलट केली. खडकवासल्याच्या बाटलीत तपकिरी साका धरला होता. इथे पांढरा धरला.

"पांढरा म्हणजे ऑक्सिजन नाही. टायट्रेशन होईल, पण उत्तर हेच," ताई म्हणाल्या.

बीओडीचा नमुना बर्फाच्या पेटीत गेला. प्रयोगशाळेत तो 27 अंशांवर 3 दिवस ठेवतात आणि त्यातल्या जिवाणूंनी किती ऑक्सिजन खाल्ला ते मोजतात. आंघोळीच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरला 3 मिलिग्रॅमची. "3च्या आत पाहिजे," ताई पेटी बंद करताना म्हणाल्या, आणि गाडीत बसल्यावर पुन्हा, "3च्या आत."

बुडबुड्याएवढी चूकही त्या खपवून घेत नाहीत, आणि शहर मात्र न शुद्ध केलेलं मैलापाणी राजरोस नदीत सोडतं. याचा मला संताप येतो. 3 दिवसांनी बीओडीचा आकडा हाती येईल, तोवर हे पाणी भीमेच्या, म्हणजे उजनी धरणाच्या वाटेला लागलेलं असेल. शिवाय इथला नमुना महिन्यातून एकदा, तोही दिवसातल्या एकाच वेळेचा. सकाळी घरोघरच्या मोऱ्या एकदम वाहू लागतात, त्या लोंढ्याचाही नमुना घ्यायला हवा. आणि ताईंचा आकडा फाइलीत जाण्याआधी याच पुलावर, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल असा, फळ्यावर लिहायला हवा.