हौस चाकांची, माप बांगडीचं

बांगड्या भरायला बसलं की कासारीण आधी आपला पंजा दाबून बघते आणि मगच ‘दोन-चार’ की ‘दोन-सहा’ ते ठरवते. बांगडी कितीही देखणी असो, मापात नसेल तर एक तर चढत नाही, नाहीतर भांडी घासताना गळून पडते. मैत्रिणींनो, मोटारीच्या चाकांचंही अगदी असंच असतं. हे मला पन्नाशीत कळलं, आणि तेही चांगलं घाबरून!

आम्ही इंग्लंडात राहतो. मुलं आपापल्या मार्गाला लागली आणि मी एक जुनी हौस पुरी केली. 1991 सालची, तांबडी, छत मागे पडणारी माझदा एमएक्स-5 घेतली. “दोनच सीटा? मग पाहुणे आले म्हणजे?” सासूबाईंनी फोनवर विचारलंच. ही गाडी 1989 साली निघाली आणि सर्वांत जास्त खपलेली दोन सीटांची स्पोर्ट्स कार म्हणून 2000 साली गिनीज बुकात गेली. त्यामुळे तिच्यासाठी इतर कंपन्यांची, मिश्रधातूची ‘अ‍ॅलॉय’ चाकं हवी तेवढ्या नक्षीची मिळतात. मीही चित्र पाहूनच चार मागवली आणि एका गॅरेजात बसवून घेतली. गाडी कशी नव्या नवरीसारखी दिसायला लागली!

पुढच्याच रविवारी लेकीला शेजारी बसवून मोटरवेवर गेले. साठ मैलांचा वेग झाला मात्र, हातातलं स्टिअरिंग थरथरायला लागलं. बडबडणारी लेक एकदम गप्प झाली. वेग कमी करत कशीबशी पहिल्या फाट्याला बाहेर पडले. दुसऱ्या एका जाणत्या मेकॅनिकनं चाक उतरवून दाखवलं तेव्हा कारण कळलं. चाक गाडीवर चढलं होतं, पण बसलं नव्हतं.

आधी ही चार मापं घ्या

पहिलं माप नटांच्या भोकांचं. माझ्या गाडीला चार नट आहेत आणि त्यांच्या मधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास 100 मिलीमीटर आहे. पण 2005 साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या एमएक्स-5 ला पाच नट आहेत. म्हणून दुकानात गाडीचं नुसतं नाव सांगू नका, सालही सांगा.

दुसरं माप चाकाच्या मधल्या भोकाचं. माझा घोळ इथेच झाला होता. गाडीचा हब 54.1 मिलीमीटरचा, आणि नव्या चाकाचं भोक 73.1 चं! एकच चाक बऱ्याच गाड्यांना चालावं म्हणून ते मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं. मधली फट भरायला एक साधी रिंग घालायची असते, म्हणजे चाक बरोबर मध्यभागी बसतं. ती घालायची राहून गेली, नट आवळताना चाक केसभर सरकलं आणि वेगात थरथरायला लागलं. पाहा, रिंग एवढीशी, पण तिच्यावाचून दोघींचा जीव टांगणीला लागला.

तिसरं माप रुंदीचं आणि ‘ऑफसेट’चं. ऑफसेट म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती बाहेर आहे ते अंतर. मूळ चाक साडेपाच इंच रुंद आणि ऑफसेट 45 मिलीमीटर. त्याजागी सात इंची, 35 ऑफसेटचं चाक लावलं तर आतली कड 9 मिलीमीटर आत जाते आणि बाहेरची कड 29 मिलीमीटर बाहेर येते. मग वळताना टायर कशाला घासत तर नाही ना, हे चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायलाच हवं.

चौथं माप टायरसकट उंचीचं. मूळ टायर 185/60, 14 इंची. त्याची उंची येते सुमारे 578 मिलीमीटर. चाक 15 इंची घेतलं तर टायर 195/50 घ्यावा. उंची येते 576. म्हणजे फरक नसल्यासारखाच, आणि वेग दाखवणारा काटाही खोटं बोलत नाही. टायरवरचे शेवटचे चार आकडेही वाचा. ‘2419’ म्हणजे 2019 सालच्या 24 व्या आठवड्यात तयार झालेला. डब्यावरची तारीख बघून पीठ घेणाऱ्या आपण, टायर तरी न बघता का घ्यावा?

बसवताना

हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं काढा. नटाची टेकणारी बाजू चाकाच्या भोकाशी जुळायला हवी. भोक उतरतं असेल तर नट उतरता, गोलसर असेल तर गोलसर. नट आधी हातानं फिरवा, मग समोरासमोरचे आवळत जा. शेवटचा जोर यंत्रानं नको, मोजून आवळणाऱ्या पान्यानं द्या. या गाडीला साधारण 110 न्यूटन-मीटर पुरतो. पन्नासेक मैल चालवून झाले की नट पुन्हा एकदा तपासा. लोणचं घातल्यावर दोन दिवसांनी बरणी हलवतो ना, तसं!

एक महत्त्वाचं. इंग्लंडात असे बदल विमा कंपनीला कळवावे लागतात. लपवलेत तर अपघाताच्या वेळी भरपाई अडू शकते.

निगा

तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं लखलखीत करायची आपली सवय इथे मुळीच नको. आंबट पदार्थ किंवा आम्लाचं औषध चाकावरची लाखेची झिलई खातं. सौम्य साबण, मऊ फडकं आणि भरपूर पाणी पुरे. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा धुण्याचा आळस करू नका. चाकं तापलेली असताना मात्र धुऊ नका.

आणि हो, जुनी चाकं विकू नका. माझी चारही माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली आहेत. मोठी, जड चाकं घालून गाडी सुस्त झाली असं पुढे वाटलं, तर परतीची वाट मोकळी हवी. शिवाय जुनी गाडी घेणारे मूळ चाकं आवर्जून विचारतात.

रिंगा घातल्यावर मी तोच रस्ता पुन्हा धरला. साठ मैलांचा वेग आला, स्टिअरिंग शांत. लेकीनं मग विचारलं, “आई, आता मी चालवू?”

किल्ली दिली, पण आधी तिच्याकडून चारही चाकांचे नट तपासून घेतले.