कोकणचा पावसाळा आणि कुत्र्याची घरगुती निगा

रत्नागिरी : मृगाचा पाऊस सुरू झाला की कोकणातील घरांत दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल धरते आणि पडवीत बसणाऱ्या कुत्र्याच्या अंगाला एक कुबट वास येऊ लागतो. पावसाळ्यात असे व्हायचेच, असे म्हणून बहुतेक घरांत तो सोडून दिला जातो. वस्तुतः ओल्या केसांखाली त्वचेवर वाढणारे जिवाणू आणि यीस्ट यांचा तो वास असतो आणि त्यापाठोपाठ खाज, केस झडणे व चिघळलेले चट्टे येतात. रत्नागिरीत वर्षाकाठी सरासरी ३ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. साहजिकच, कुत्र्याची निगा राखण्यासंबंधी कोरड्या प्रदेशासाठी लिहिलेले सल्ले येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

कुत्र्याची स्वच्छता म्हणजे आंघोळ, हा एक सार्वत्रिक समज आहे. घोड्याला करतात तसा कुत्र्यालाही खरारा करणे त्याहून महत्त्वाचे. ब्रश फिरवल्याने मेलेले केस निघतात, त्वचेतील नैसर्गिक तेल अंगभर पसरते आणि हात प्रत्येक अवयवावरून फिरत असल्याने जखम, गाठ वा गोचीड वेळीच ध्यानात येते. आखूड केसांच्या गावठी कुत्र्याला आठवड्यातून एक-दोनदा ब्रश पुरतो. पॉमेरेनियन, अल्सेशियन यांसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्यांना मात्र तो जवळजवळ रोज लागतो, कारण त्यांच्या वरच्या राठ केसांखाली लोकरीसारखा मऊ थर असतो व तोच पाणी धरून ठेवतो. उकाडा असह्य होतो म्हणून मे महिन्यात अशा कुत्र्यांचे सर्व केस भादरण्याची पद्धत दिसते. ती हिताची नाही. हे केस उन्हापासूनही संरक्षण करतात आणि भादरल्यावर पूर्वीसारखे येतीलच याची शाश्वती नसते. आतला थर विंचरून काढला, तरी पुरेसे होते.

आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. माणसाच्या त्वचेचा बाह्यस्तर कुत्र्यापेक्षा कितीतरी जाड आणि काहीसा आम्लधर्मी असतो. कुत्र्याची त्वचा पातळ आणि उदासीनतेकडे झुकणारी असते. त्यामुळे आपला साबण वा शाम्पू वापरल्यास ती कोरडी पडून खाजू लागते. कुत्र्यासाठीचा शाम्पू, कोमट पाणी आणि नंतर फेसाचा अंशही न राहील असे धुणे, इतके पथ्य सांभाळावे. भाट्ये वा मांडवीच्या किनाऱ्यावर खेळून आलेल्या कुत्र्याच्या अंगावरील खारे पाणी व वाळू गोड्या पाण्याने धुऊन टाकावी. त्यासाठी दरवेळी शाम्पूची गरज नाही.

खरी कसोटी लागते ती वाळवण्यात. बाहेरचे केस कोरडे वाटले तरी आतला थर ओलाच असतो. जुन्या पंचाने काख, जांघ, शेपटीचा बुडखा आणि बोटांच्या बेचक्या दाबून पुसाव्यात व पंख्याखाली ब्रश फिरवीत केस मोकळे करावेत. संततधारेच्या दिवसांत आंघोळच पुढे ढकललेली बरी. फेरफटक्याहून आल्यावर चारही पाय धुऊन कोरडे केले, तरी निम्मे काम होते. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू कुत्र्याला व माणसालाही बाधतात. म्हणून हाताला जखम असेल तर चिखलाने माखलेले पाय उघड्या हाताने धुऊ नयेत आणि कुत्र्याची या रोगाची लस दरवर्षी चुकवू नये.

गोचिडीचा प्रश्न मात्र स्वतंत्रपणे समजून घ्यायला हवा, कारण येथे हयगय झाली तर कुत्रा दगावतो. कुत्र्यावरील तपकिरी गोचीड एर्लिकिया आणि बबेसिया या रोगांचे जंतू एका कुत्र्यापासून दुसऱ्यापर्यंत नेते. पहिल्यात रक्तातील प्लेटलेट घटतात व नाकातून रक्त येऊ शकते. दुसऱ्यात तांबड्या पेशी नष्ट होऊन हिरड्या पांढुरक्या पडतात. अंगावर दिसणाऱ्या गोचिड्या हा या संकटाचा एक भागच असतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते आणि आडोशाला जाऊन हजारोंनी अंडी घालते. जांभ्या चिऱ्यांच्या भिंतींतील भेगा, पायरीखालची फट, मांगरातील लाकडाचा ढीग ही तिची आवडती ठिकाणे. काही न खाता ती तेथे कित्येक महिने तग धरते. त्यामुळे कुत्रा स्वच्छ केला आणि भेगा तशाच राहिल्या, तर पंधरा दिवसांत पुन्हा तोच प्रकार. भेगा बुजवणे, अंथरूण कडक उन्हात टाकणे वा गरम पाण्याने धुणे ही कामेदेखील कुत्र्याच्या निगेतच मोडतात. (२०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात फैलावलेला माकडतापही गोचिडीमुळेच पसरतो, पण ती जंगलातील गोचीड, जात वेगळी.)

चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ, सावकाश ओढावी. तिच्यावर रॉकेल ओतू नये, काडी लावू नये आणि बोटांनी चिरडू तर मुळीच नये, स्पिरिटमध्ये टाकावी. कान, मानेखालची पोळी आणि बोटांच्या बेचक्या येथे ती हटकून सापडते.

उपायांच्या नावाखाली गावोगावी जे चालते, ते अनेकदा रोगापेक्षा घातक ठरते. गुरांवर फवारायचे औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालणे, लुतीवर गाडीचे जळके ऑइल चोपडणे, फिनाइलने धुणे हे प्रकार आजही सर्रास होतात. कुत्रा अंग चाटतो, ही साधी गोष्ट त्यात विसरली जाते. विष त्वचेतून आणि पोटातून अशा दोन्ही वाटांनी भिनते. लाळ गळणे, थरथर, झटके ही त्याची लक्षणे. करंजेल वा कडुलिंबाच्या तेलाने किडे थोडेफार दूर राहतात, परंतु गोचिड्यांचा सुळसुळाट झाल्यावर त्यावर विसंबता येत नाही. मानेवर सोडायचे थेंब आणि खाऊ घालायच्या गोळ्या आता उपलब्ध आहेत. त्यांची मात्रा वजनावर ठरते, म्हणून पशुवैद्यकांना विचारूनच द्याव्यात. घरात मांजर असल्यास ते आवर्जून सांगावे. कुत्र्याला चालणारे परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतते.

नखांविषयी फार सांगण्याजोगे नाही. जांभ्याच्या अंगणात धावणाऱ्या कुत्र्याची नखे आपोआप झिजतात, लादीवर वावरणाऱ्याची वाढतात. नखाच्या आत रक्तवाहिनी असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते. काळे नख मात्र टोकाकडून थोडे थोडे कापावे. रक्त आलेच तर तुरटीची पूड दाबून धरावी. पायाच्या आतल्या बाजूचे वरचे नख जमिनीला टेकत नसल्याने वळून मांसात रुतते, तिकडे विशेष लक्ष असावे. कानाची नळी आत काटकोनात वळलेली असते. काडीने मळ बाहेर येण्याऐवजी खोल जातो. दिसेल तेवढाच भाग कापसाने टिपावा. आंबूस वास, तपकिरी मळ वा सतत डोके झटकणे दिसल्यास ते काम दवाखान्याचे आहे.

हे सारे करू देणारा कुत्रा मात्र पिल्लूपणापासूनच घडवावा लागतो. रोज दोन मिनिटे पंजा हातात घेणे, कान उलटून पाहणे, मग एखादा तुकडा देणे, एवढ्याने पुढची झटापट टळते. एरवी शांत असलेला कुत्रा विशिष्ट ठिकाणी हात लावताच गुरगुरला, तर तेथे दुखत असण्याची शक्यता अधिक. बळजबरीत दात लागलेच, तर कुत्रा घरचा असला तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टर गाठावेत.

गोचिड्या काढून टाकल्यावरही दोन-तीन आठवडे कुत्र्यावर नजर ठेवावी लागते, कारण ताप यायला साधारण तेवढा अवधी लागतो. या काळात त्याने अन्न टाकले, तो सुस्त पडून राहिला, हिरड्या फिकट झाल्या किंवा लघवी गडद झाली, तर घरगुती औषधात दिवस न घालवता रक्ततपासणी करून घ्यावी. वेळेत निदान झालेला एर्लिकियाचा रुग्ण औषधाने सहसा बरा होतो. रोग अस्थिमज्जेपर्यंत पोहोचला, की पशुवैद्यकांच्याही हाती फारसे काही उरत नाही.