अमेरिकेतला पिस्तुलाचा क्लास : इथं गोळी कधी झाडायची नाही हेच जास्त शिकवतात

पिक्चरमध्ये हिरो कमरेचं पिस्तूल काढतो, धाडकन गोळी झाडतो आणि व्हिलन खलास. पुढच्या सीनला गाणं सुरू. पोलीस स्टेशन नाही, वकील नाही, कोर्टाची तारीख नाही.

अमेरिकेत नोकरदार माणसं, घर सांभाळणाऱ्या बायका, रिटायर झालेले आजोबा शनिवार-रविवारची सुट्टी घालवून पिस्तूल चालवायचा क्लास करतात. त्याला तिकडं 'डिफेन्सिव्ह हँडगन क्लास' म्हणतात. जिवावर बेतलंच तर पिस्तूल कसं वापरायचं, याची ही शिकवणी. पण डोक्यात पिक्चर घेऊन गेलेल्याला पहिला धक्का तिथंच बसतो. कारण सुरुवातीचे काही तास गोळीचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही.

हे क्लास आले कुठून?

पूर्वी असं शिक्षण मुख्यतः पोलीस आणि सैनिकांना मिळायचं. १९७६ साली जेफ कूपर या निवृत्त मरीन अधिकाऱ्याने ॲरिझोनामध्ये 'अमेरिकन पिस्टल इन्स्टिट्यूट' सुरू केली आणि सामान्य माणसालाही दार उघडलं. आज ती 'गनसाइट' या नावाने ओळखली जाते.

कूपरचे चार नियम आजही बहुतेक क्लासमध्ये पहिल्या तासाला पाठ करून घेतात. प्रत्येक पिस्तूल भरलेलं आहे असंच समजायचं. जे उद्ध्वस्त करायचं नाही, त्याच्याकडे नळी वळवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरवर ठेवायचं नाही. आणि निशाण्यावर काय आहे, त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करायची. एक नियम चुकला तरी बाकीचे जीव वाचवतात. अपघात होतो तो एकापेक्षा जास्त नियम एकाच वेळी मोडल्यावर.

क्लासमध्ये नेमकं होतं काय?

आधी सही घेतात. मग कुणाला गोळी लागलीच तर प्रथमोपचाराची पेटी कुठं आहे, फोन कोण करणार, हे ठरतं. मग रिकाम्या पिस्तुलावर सराव. पकड, उभं राहणं आणि ट्रिगर हलक्या हाताने मागे घेणं.

मग रेंजवर जायचं. कानाला मफ, डोळ्याला चष्मा. कागदी निशाणा पाच-सात पावलांवर. एवढं जवळ? तर हो, कारण अंगावर येणारा माणूस बहुतेक वेळा जवळच असतो.

इथं प्रशिक्षक एक गंमत करतो. तुमच्या मॅगझिनमध्ये मधेच एक नकली गोळी घालून ठेवतो. तुम्ही ट्रिगर दाबता, नुसतं 'टिक' वाजतं आणि पिस्तुलाची नळी मात्र खाली झुकलेली दिसते. म्हणजे धक्का बसायच्या आधीच धक्क्याच्या भीतीने तुमचा हात हलला होता. नेम का चुकतोय, हे त्या एका 'टिक'मध्ये कळतं.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे पिस्तूल परत होल्स्टरमध्ये ठेवणं. बाहेर काढताना घाई एक वेळ समजू शकते, ठेवताना कसली घाई? शर्टाचं टोक किंवा बोट ट्रिगरमध्ये अडकलं तर गोळी स्वतःच्याच मांडीत. म्हणून बोट बाजूला, नजर होल्स्टरवर आणि हळू.

२१ फुटांचा धडा

डेनिस ट्यूलर हे सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी. चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, असं त्यांनी १९८३ साली एका लेखात मांडलं. सराव असलेल्या माणसालाही पिस्तूल काढून गोळी झाडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो.

याचा अर्थ '२१ फुटांच्या आत आला की झाडा गोळी' असा नाही. धोका आधी ओळखा, अंतर वाढवा, मधे गाडी नाहीतर टेबल आणा, असा आहे. पार्किंगमध्ये मोबाइलमध्ये मान घालून चालणाऱ्याला कमरेचं पिस्तूल काही कामाचं नाही.

गोळी सुटली, पुढं काय?

हा क्लासचा सगळ्यात गंभीर भाग. समोरच्याकडे जीव घेण्याची ताकद होती का? तो तुमच्यापर्यंत पोचू शकत होता का? आणि त्या क्षणी तुमचा जीव खरंच धोक्यात होता का? तिन्हीचं उत्तर 'हो' हवं. मोबाइल हिसकावून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर बहुतेक राज्यांत तुम्हीच आरोपी. काही राज्यांत आधी माघार घ्यावी लागते, काही राज्यांत नाही. निर्णयाला तुमच्याकडे दोन सेकंद असतात, तो तपासायला कोर्टाकडे दोन वर्षं असतात.

मग हा क्लास सक्तीचा आहे का?

इथंच खरी मेख आहे. इलिनॉयमध्ये पिस्तूल जवळ बाळगण्याच्या परवान्यासाठी १६ तासांचं प्रशिक्षण लागतं. न्यूयॉर्कमध्ये १६ तास वर्गात आणि २ तास रेंजवर. पण आज निम्म्याहून जास्त राज्यांत परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. तिथं एकही तास न शिकलेला माणूस पिस्तूल लावून बाजारात फिरू शकतो.

आणखी एक आकडा. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० जीव गेले, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे घरातलं पिस्तूल चोरापेक्षा घरच्याच माणसाचा जीव घेण्याची भीती मोठी. म्हणून चांगला प्रशिक्षक कुलूपबंद तिजोरीवर, लहान मुलांवर आणि घरातल्या खचलेल्या माणसावरही बोलतो.

आपल्या लोकांचं काय?

अमेरिकेत एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं तिथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. मित्रासोबत गंमत म्हणून रेंजवर जाण्याआधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना हा नियम नाही.

भारतात शस्त्र परवाना मिळणं मुळातच अवघड. २०१६ च्या शस्त्र नियमांमध्ये परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाची अटही आहे.

दोन दिवसांत काही शे गोळ्या झाडून माणूस घरी येतो, तेव्हा नेम थोडा सुधारलेला असतो. पण क्लास खरंच कळला असेल, तर पार्किंगवरून कुणी शिवी घातली की तो काच वर करतो आणि गाडी पुढं काढतो. कमरेला पिस्तूल असलेल्या माणसाला भांडण परवडत नाही.